धक्क्यावरची ओटी

उज्जैन,
१६ जानेवारी २०२६

ती. दादास,

उषीचा नमस्कार आणि तिळगूळ. इथून पाठवलेला लाडू तुझ्यापर्यंत पोचेतो होळी उजाडते, म्हणून यंदा नुसता शब्दांनीच देते. गोड बोलणं मात्र आपल्या दोघांपैकी कुणालाच फारसं जमलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस, आणि मला कळतं की तुला अर्धं ऐकू आलेलं नाही आणि उरलेलं अर्धं ऐकायचं नाही. शिवाय फोन वाजला की आई कान टवकारते. तेव्हा लिहितेय. पानांचे फोटो आजच तुझ्या मोबाईलवर पाठवीन, मूळ पत्र पोस्टाने येईल तेव्हा येईल.

इकडचं सगळं चाललंय. सिंहस्थ अजून दोन वर्षांवर आहे, पण रस्ते आत्तापासून खणून ठेवलेत. नानाखेड्याहून टावर चौकात जायचं म्हटलं की रिक्षावाला आधी माझ्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे. थंडी बेताची. माझे गुडघे माझ्या वयाला शोभतील असे. जयंत गेल्यापासून मी आईकडेच असते, दिवसभर मदतीला मीना येते. ती इथलीच, मालव्यातली. आईला माँजी म्हणते.

आई ठीक आहे असं मी तुला दिवाळीत सांगितलं होतं. ते तेव्हाही फारसं खरं नव्हतं.

आई बोटीवर आहे, दादा.

दिवाळीनंतर एके दिवशी तिने मला विचारलं, "पोरबंदर गेलं का?" मला वाटलं, झोपेतलं काही असेल. पण त्या दिवसापासून ती उज्जैनला परत आलीच नाही. पलंग म्हणजे तिची डेकवरची वळकटी. मीना फरशी पुसायला लागली की "खलाशी पाणी मारतोय, पाय वर घ्या" असं सगळ्यांना बजावते. बाहेर दिवसभर जेसीबी खणत असतो, ते तिचं इंजिन. मधूनमधून नानांना शोधते. मी सांगते, "वर हवा खायला गेलेत." ते तिला लगेच पटतं. नाना जाऊन किती वर्षं झाली, पण बोटीवर ते हवा खातच असणार, म्हणजे मी काही खोटं बोलत नाही.

गंमत अशी की ती बोट मलाही तोंडपाठ आहे, आणि तिच्यातलं मला काहीही आठवत नाही. नाना केनियात मास्तरकी करायला निघाले तेव्हा मी पाच महिन्यांची होते. जे काही माझ्याकडे आहे ते तुझं. किसुमूच्या घरात दुपारी नाना झोपले की तू मला बोट सांगायचास. मुंबईच्या धक्क्यावर आजोबांनी कपाळाला लावलेला अंगारा. डेकवर दोऱ्या बांधून वाटून घेतलेल्या जागा, उडणारे मासे, आणि नानांची काळी टोपी वाऱ्याने उडाली तेव्हा सगळं डेक हसलं ती हकीकत. ती मी इतक्यांदा ऐकली की शाळेत माझीच म्हणून सांगायची. पुढे शिकवायला लागले तेव्हाही भूगोलाच्या तासाला हिंदी महासागर आला की टोपी उडायचीच.

पण तुझ्या त्या गोष्टीत रेमतबाई कधी आली नाही.

आता मुद्द्यावर येते. आई रोज सकाळी ओटीची तयारी करते. ताटात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि नारळ. सगळं मागून घेते, एखादी वस्तू नसेल तर रुसते. पहिल्यांदा मला वाटलं, संक्रांतीचं हळदीकुंकू डोक्यात असेल. म्हणून शेजारच्या अश्विनीला बोलावलं. बिचारी नवी साडी नेसून आली, पाटावर बसली, पदर पसरला. आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुम्ही मंडळातल्या ना? मग तुमची नाही. रेमतला बोलवा. बोट धक्क्याला लागलीय, ती उतरून जाईल."

मीनाने करून बघितलं. "माँजी, मेरी भर दो, मैं भी तो सुहागन हूँ." आई म्हणाली, "तू नहीं. वो ओढनीवाली." माझा तर प्रश्नच नाही. एक तर मी सवाष्ण नाही, आणि दुसरं म्हणजे आईच्या लेखी उषा पाळण्यातली आहे.

आणि ती जेवत नाही. ओटी घेणारी ताटकळत असताना यजमानीण कशी जेवेल? डोकं गेलं तरी रीत जात नाही, ती हाडांत मुरलेली असते. सकाळी ती अर्धवट झोपेत असताना मीना चार चमचे पेज घालते, तेवढ्यावर दिवस निघतो. डॉक्टर येऊन गेले. नळी घालता येईल म्हणाले, पण या वयात त्यांनाही ते बरं वाटत नाही. जाताना विचारलं, "माँजी को किस बात की ज़िद है?" 

रेमत कोण ते मला ठाऊक नाही असं मी म्हणणार नाही. किसुमूत त्यांचं दुकान होतं, आणि त्या दुकानावरून जाताना आई माझा हात ओढून रस्ता ओलांडायची. नंतर आम्ही इकडे परतलो, तू विलायतेला गेलास आणि तिथून लग्नाचं कळवलंस. त्या दिवशी आई जे म्हणाली ते मी दाराआडून ऐकलं होतं: "त्या रेमतबाईची पोर या घरात येणार नाही." खोजा मुसलमान म्हणून, असंच मी समजले. त्यानंतर तू आलास तो नानांच्या तेराव्याला, एकटा. आईने तुला बसवून जेवायला वाढलं आणि सुनेबद्दल एक शब्द विचारला नाही.

काल दुपारी आईने मीनाला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "पोरीला तिच्याकडे घेऊन जा. भुकेली आहे. कुणी बघणार नाही अशी ने, पदराखाली धर." मीना मला विचारायला आली, "दीदी, कौन-सी बच्ची?"

दादा, त्या बोटीवर आपली पोर एकच होती.

तू मला टोपीची गोष्ट पुष्कळदा सांगितलीस. आता दुसरी सांग. आणि ज्यासाठी इतकी पानं भरली ते आता विचारते. रेमतबाई आता नाहीत हे मला माहीत आहे. त्यांच्या मुलीने येऊन एकदा आईसमोर बसावं, असं तू तिला विचारशील का? आईजवळ फार दिवस नाहीत.

तुझी,
उषी


लेस्टर,
१९ जानेवारी

चि. उषीस,

अनेक आशीर्वाद. हात कापतो, त्यामुळे अक्षर असं आलंय. फोटो मोठा करून वाच.

टोपीची गोष्ट खरी आहे. मी ती रंगवून सांगायचो, कारण टोपी संपली की तू "पुढे?" म्हणून विचारायचीस, आणि पुढचं सांगायला मला बंदी होती. आईने मला महाकाळाची शपथ घातली होती. उज्जैनला आजोबांना कळलं तर आपल्याला घरात घेणार नाहीत, असं ती म्हणाली होती. मी सात वर्षांचा होतो. शपथ पाळली, आणि पुढे न बोलण्याची सवयच लागली. आज मोडतो.

मुंबई दिसेनाशी झाली आणि आईला बोट लागली. बरोबर दशम्या होत्या, लाडू होते, काही पोटात ठरेना. बोटीवर शाकाहारी भटारखाना वेगळा होता, पण कुणाच्या हातचं असेल कोण जाणे, म्हणून ती तिथल्या भाताला शिवली नाही. लिंबाची फोड चोखून पडून राहायची. पोरबंदर मागे पडलं तेव्हा तिचं दूध आटलं. नानांनी कुठून तरी दुधाच्या पावडरीचा डबा आणला, तू ते थुंकून टाकलंस. रडून रडून निळी व्हायचीस.

रेमतबाई पोरबंदरला चढली होती. नवऱ्याकडे निघाली होती, एकटी. तिची सतरंजी आपल्या दोरीच्या पलीकडे, आणि मांडीवर गुलू, तुझ्याच वयाची. तिने दोरीवरून हात पुढे केला आणि म्हणाली, "लाव, मने आप." म्हणजे आण, मला दे. आईने मान फिरवली. मग तुझं रडणंही थांबलं. ते रडण्याहून वाईट होतं, मला अजून आठवतं. तेव्हा आईने तुला उचललं आणि माझ्या हातात दिलं. रेमतबाईच्या हातात नाही, माझ्या. मी दोरी ओलांडली.

त्यानंतर मोंबासा येईपर्यंत ते माझं काम झालं. तुला टॉवेलाखाली धरून पलीकडे न्यायचं आणि परत आणायचं. एका ओढणीखाली तुम्ही दोघी असायचात, एकीचे पाय या बाजूने बाहेर, एकीचे त्या बाजूने. तुझ्या पायात आजीने घातलेले वाळे होते, त्यांवरून मी तुला ओळखायचो. नाना हे बघायचे आणि वर हवा खायला जायचे.

हळूहळू आई उठून बसायला लागली. दोघी बोलायच्या, आई मराठीत आणि ती गुजरातीत, आणि दोघींना सगळं कळायचं. आईने तिला शब्द दिला, "उतरताना मी तुझी ओटी भरीन." ओटी म्हणजे काय, पदर कसा पसरायचा, हे समजावलं. रेमतबाईला त्याची भारी मौज वाटली. ती ओढणी पसरून सराव करायची, आणि आई तिच्यात मोसंबं टाकायची. आईला तशी हसताना मी पुढे फार वेळा पाहिलं नाही.

मोंबासाच्या धक्क्यावर महाराष्ट्र मंडळाची माणसं हार घेऊन आली होती. नाना, म्हणजे त्यांचे भय्यासाहेब मास्तर, येणार म्हणून बायकाही आल्या होत्या, नथी घालून. आईने पिशवीत नारळ, खण, तांदूळ वरच काढून ठेवले होते. रेमतबाई गर्दीतून वाट काढत आली, आईसमोर उभी राहिली आणि तिने ओढणी पसरली. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "या कोण?"

आई म्हणाली, "कुणी नाही. बोटीवरच्या." आणि पिशवीचं तोंड आवळून धरलं.

 रेमतबाईने, जणू धूळच झटकायची होती, तशी ओढणी झटकली आणि गुलूला घेऊन निघून गेली. तो नारळ आईने नव्या घरात देवापुढे फोडला. माझ्या वाटचं खोबरं मी परसात फेकून दिलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. आई साखरसुद्धा लांबच्या दुकानातून आणायची. तिला मुसलमान सून नको होती हे खरंच आहे, ते मी झाकत नाही. पण तेवढंच नव्हतं. ती पसरलेली ओढणी तिला आपल्या दारात पुन्हा बघायची नव्हती.

आमचं लग्न ठरलं तेव्हा रेमतबाईने त्यांच्यातल्या जाणत्या माणसाला मुद्दाम विचारलं होतं. त्यांच्यात एका आईचं दूध प्यालेली मुलं सख्खी भावंडं मानतात, त्यांची लग्नं होत नाहीत. तो म्हणाला, दूध मुलाच्या बहिणीने प्यालंय, मुलाने नाही, खुशाल करा. त्यांच्याकडे हा प्रश्न एका बैठकीत सुटला.

तुझं पत्र मी गुलूला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मी मम्मीच्या जागी बसणार नाही. मम्मीने ओढणी पसरली होती आणि रिकामी झटकली होती. तिची नक्कल करायला मी येणार नाही. आणि त्या घरातून मला आजवर कुणी बोलावलेलं नाही. आताही मम्मीलाच बोलावतायत." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी तिला आग्रह करणार नाही, उषी. तेवढा हक्क मला उरलेला नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. किंवा सांग. तिच्याजवळ तू आहेस, मी नाही.

तुझा,
दादा


उज्जैन,
२२ जानेवारी

सौ. गुलबानूवहिनींस,

उषाचा नमस्कार.

हे पत्र दादा तुम्हाला वाचून दाखवेल. त्याला आधीच सांगून ठेवा, मधलं काही गाळायचं नाही. त्याला ती सवय आहे.

तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं, एका म्हातारीची समजूत काढायला एक ओढणीवाली बाई मागवली होती. दादाचं पत्र आलं त्या दिवशी मीनाने दोनदा चहा ठेवला आणि दोनदा तो गार झाला. मी आरशात माझं तोंड बघत होते. इतकी वर्षं लोक म्हणत आलेत की उषा अगदी आईवर गेलीय, हाडापेराने मजबूत. ती मजबुती कुणाकडून आली ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ताट मांडलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. फसवण्याचे सगळे प्रकार करून झाले होते, म्हणून खरं सांगायचं ठरवलं.

मी म्हटलं, "आई, रेमत उतरून गेली."

"ओटी न घेता?"

"तू दिली नाहीस."

मला वाटलं ती चिडेल, नाहीतर रडेल. ती ताटातल्या नारळाची शेंडी नीट करत बसली. मग म्हणाली, "हो. त्या बायका बघत होत्या."

वहिनी, हे वाक्य तिने कुणाला तरी सांगायला किती काळ वाट पाहिली असेल, याचा मी विचार करते आणि मला तिचा राग येतो, आणि तेवढ्यातच तिला जवळ घ्यावंसं वाटतं. दोन्ही एकदम होतं. तुमच्या बाजूने फक्त राग असेल तर तो मला मान्य आहे.

मी पुढे म्हटलं, "रेमत आता या जगात नाही, आई. पण तिची गुलू आहे. आपल्या श्रीधरची बायको. तुझी सून." या घरात हे शब्द पहिल्यांदाच मोठ्याने बोलले गेले. मीना हातातलं फडकं घेऊन दारातच थांबली.

आईने खण उचलला, उलटून पाहिला, आणि माझ्यावर डाफरली, "सून पहिल्यांदा येतेय आणि नुसता खण ठेवलास? लुगडं काढ. आणि नारळ दोन हवेत. एक रेमतचा."

मग तिने मीनाकडे पेज मागितली. आपल्या हाताने वाटी धरली, सांडली थोडी, पण संपवली. मीना म्हणाली, "माँजी, आज तो भूख लग आई." आई म्हणाली, "भूख नहीं रे. ओटी भरायला वाकावं लागतं. वाकण्यापुरतं बळ नको का अंगात?"

काल मी टावर चौकात गेले आणि लुगडं घेऊन आले. महेश्वरी, हळदीच्या रंगाचं, लाल काठ. दुकानदार विचारत होता, "किसके लिए है, दीदी? बहू के लिए?" मी म्हटलं, बहन के लिए. तोंडातून निघून गेलं.

आता तुम्हाला तुम्ही म्हणणं मला जमणार नाही. नात्याने तू वहिनी आहेस, पण वयाने माझ्याएवढी, आणि आपली ओळख दादापेक्षा जवळची आहे. किसुमूत दुकानाच्या पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी बसलेली असायची. आई मला ओढून पलीकडे न्यायची तेव्हा मी मान वळवून तिच्याकडे बघायची. ती तू असणार.

म्हणून हे बोलावणं माझं, तुला, तुझ्या नावाने. रेमतबाईंच्या जागी बसायला नको. तुझी स्वतःची जागा इथे आहे. तिथे आम्ही दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही, आणि तुलाही नाही.

आईला हे सगळं उद्या आठवेल अशी हमी मी देत नाही. आज सकाळी तिने पुन्हा पोरबंदरची चौकशी केली, पण ताटात नारळ मात्र दोन मांडले. तू येशील त्या दिवशी ती तुला रेमत म्हणेल, नाहीतर मंडळातली म्हणून हाकलेल. तसं झालं तर तुझी ओटी मी भरीन. विधवेच्या हाताने ओटी भरत नाहीत, असं रीत म्हणेल. रीतीचं आम्ही आजवर फार ऐकलं, एकदा तिने माझं ऐकावं.

रथसप्तमी तोंडावर आली, हळदीकुंकवाचे दिवस संपतील. ते मनावर घेऊ नकोस. आमच्या घरात बोट धक्क्याला लागलेली आहे, आणि तू उतरल्याशिवाय ती हलायची नाही. दादाला बरोबर आण. ओढणी विसरू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
त्या ओढणीखालची दुसरी,
उषा